राखणदार आला, राखणदार!

माझा सायबर कॅफे बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेले, खुर्च्या एका क्लासवाल्याने नेल्या, बोर्डाच्या पत्र्याने शेजाऱ्याच्या कोंबड्यांचं खुराडं झाकलं. किस्से मात्र कोणी नेत नाही हो! ते माझ्याकडेच पडून आहेत. एक काढायला जावं तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो. आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट. भीती!

दोन हजार पाचपासून पुढची तीन-चार वर्षं. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून जवळच माझे आठ कॉम्प्युटर होते. कोणी रिझल्ट बघायला यायचं, कोणी आखातातल्या नवऱ्याला ईमेल करायला. आणि चार जण यायचे ते गेम खेळायला. गेमचं नाव सांगत नाही. ती परदेशी कंपनी अजून कुठे जिवंत असली तर एवढ्या वर्षांनी मलाच बॅन करायची!

जगभरातले लोक एकाच वेळी खेळायचे तो गेम. आमची मंडळी त्यात 'फार्मिंग' करायची. फार्मिंग म्हणजे शेती नव्हे. एका जागी उभं राहून तेच तेच राक्षस मारत राहायचे, आणि मेल्यावर त्यांच्यातून जे पडेल ते गोळा करायचं. आमच्या जागेवर दलदलीत मोठे खेकडे निघत. मेला की कधीतरी त्यातून निळा खडा पडे. असे पुष्कळ खडे जमले की चिलखत. लांज्याचा नंदू त्यांना खेकडे म्हणतच नसे. "चला, कुर्ल्या मारूया!" असं म्हणतच तो दारातून आत शिरायचा.

कंपनीला हे फार्मिंग अजिबात आवडत नव्हतं. लोक आपोआप खेळणारं मशीन लावून झोपतात, खडे जमवतात, गेमची वाट लावतात, असं तिचं म्हणणं. म्हणून दर थोड्या दिवसांनी नवा नियम! आणि नियम पाळला जातोय का हे बघायला कंपनीचा माणूस गेममध्ये फिरायचा. पांढरा पायघोळ झगा. तो यायच्या आधी टण्णकन घंटा वाजायची. नंदूने त्याचं नाव ठेवलं राखणदार. कोकणात हद्दीवर राखणदार असतो, तो वाकडं पाऊल पडलेल्याला धरतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे नाव एकदम बसलं.

ती घंटा वाजली की माझ्या कॅफेत पंख्याचासुद्धा आवाज मोठा वाटायचा.

*

दामले सर हायस्कूलला गणित शिकवायचे. वर्गात शिरले की पोरं आपोआप हाताची घडी घालायची असा माणूस. गेममध्ये मात्र ते धनुष्यवाली मुलगी होते, गुलाबी केसांची! "तिचा नेम चांगला आहे, म्हणून घेतली," एवढंच स्पष्टीकरण द्यायचे. त्यांच्याइतका चिवट फार्मर नव्हता. शाळा सुटली की यायचे, चपला काढायचे, मांडी घालून खुर्चीवर बसायचे आणि कुर्ल्या मारायचे.

एके दिवशी नवा नियम आला. खूप वेळ एका जागी राक्षस मारणाऱ्यापुढे एक चौकोन उघडणार. त्यात प्रश्न. खाली घड्याळ उलटं पळणार. उत्तर आलं तर तुम्ही माणूस, नाही आलं तर मशीन. मशीनची रवानगी गेममधल्या जेलमध्ये!

सगळे घाबरले. सर हसले. "प्रश्न कसला? बेरजेचा. त्यात काय घाबरायचंय?"

संध्याकाळी टण्ण झालं. सरांपुढे चौकोन उघडला. सात अधिक पाच.

सर बघतच राहिले. घड्याळ पळतंय. कपाळावर घाम. बोटं कीबोर्डवर, पण एकही हलत नाही.

"सर!" शेजारच्या खुर्चीवरून वैदेही ओरडली, आमच्या चौघांतली एकटी मुलगी. "सर, सात अधिक पाच!"

"येतं गं मला!"

"मग टाका ना!"

सरांनी काहीतरी टाकलं. चौकोन लाल झाला आणि गुलाबी केसांची मुलगी दगडी कोठडीत जाऊन पडली. सरांनी टाकलं होतं पस्तीस.

"गुणाकार केलात, सर," नंदू हळूच म्हणाला.

"डोक्यावर घड्याळ लावून विचारतात का कधी कोणाला?" सर चिडून म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या वर्गातला एक मुलगा प्रिंट काढायला आला होता. तो मला म्हणाला, "भाऊ, दामले सरांना काहीतरी झालंय. काल फळ्याजवळ उभं करून पाढा विचारला, आणि म्हणाले, सावकाश सांग हं बाळा, घाई नाही. सगळा वर्ग घाबरलाय!"

*

त्याच जेलचा पुढचा भाग.

कंपनीचा हलकटपणा असा, की जेलची शिक्षा गेम चालू ठेवून भोगावी लागे. बंद केला की शिक्षाही थांबे. म्हणजे कॅफेत येऊन, खुर्ची अडवून, कोठडीच्या चार भिंतींकडे बघत बसायचं. सर इमानदारीत बसायचे. कोठडीत आणखी एक कोल्हापूरचा कैदी होता, त्याच्याशी त्यांची चांगली ओळखही झाली.

एका संध्याकाळी कॅफेचा फोन वाजला. मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद उपसत होतो, म्हणून नंदूने उचलला. पलीकडे दामले वहिनी.

"आमचे हे आहेत का तिथे?"

"नाय ओ काकू," नंदू सहज म्हणाला. "सर जेलमध्ये हायत."

पलीकडे काही आवाजच नाही. नंदूला वाटलं लाइन कटली. त्याने फोन ठेवला आणि परत कुर्ल्यांकडे वळला.

थोड्या वेळाने दारात रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, चेहरा पांढराफटक. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मागून शेजारचे वकील, काळा कोट अर्धाच चढवलेला. पोलीस स्टेशनला जाण्याआधी नक्की काय घडलं ते विचारायला आले होते.

आणि समोर दामले सर! मांडी घालून बसलेले, हातात चहाचा कप.

वहिनी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. वकिलांना धंद्याची सवय, त्यांनी विचारलं, "गुन्हा काय?"

सर गडबडून उभे राहिले. "खेकडे मारले."

"कोणाचे?"

वैदेहीने बिचारीने पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं. कोठडी दाखवली, गुलाबी केसांची मुलगी दाखवली, तिच्या डोक्यावर लिहिलेलं शिक्षेचं कारणही वाचून दाखवलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या सरांकडे वळल्या.

"जेलमध्ये आहात ना?"

"अगं, तसं नाही..."

"मग राहा."

रिक्षा तशीच परत गेली. सर खाली बसले. चहाचा कप बाजूला ठेवून मला म्हणाले, "अविनाश, ह्या जेलमधून मी सुटेन रे. पण घरी कसा जाऊ?"

*

आता अन्वर. राजिवड्याचा, बोटीवर नोकरी. वर्षातले काही महिने घरी, बाकीचे पाण्यात. घरी आला की दुपारी कॅफेत. भला दांडगा गडी, आणि मस्करी अंगात मुरलेली. गेममध्ये त्याने लाल दाढीचा कुऱ्हाडवाला योद्धा घेतला होता.

नंदू राखणदाराला किती टरकतो हे अन्वरला ठाऊक होतं. त्याने गुपचूप दुसरं अकाउंट उघडलं. पांढरे कपडे मिळवले. आणि एका दुपारी नंदू कुर्ल्या मारण्यात रंगलेला असताना हा पांढरा माणूस त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. तोंडाने, खुर्चीमागून, "टण्ण!"

नंदूने किंकाळी फोडली. खुर्चीसकट मागे पडला, आणि पडताना जे हाताला लागलं ते धरलं. ती निघाली मेनची वायर! आठही कॉम्प्युटर एकदम बंद. कोपऱ्यात एक गृहस्थ नोकरीचा अर्ज भरत होते, शेवटच्या पानावर आले होते. ते उठले, नंदूकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गोष्ट इथे संपली नाही. पुढच्या आठवड्यात नंदूपुढे पुन्हा पांढरा माणूस उभा राहिला. ह्या वेळी घंटा खरी होती. पण नंदू आता शहाणा झाला होता ना! पांढऱ्याने इंग्रजीत विचारलं, तुम्ही कीबोर्डसमोर आहात का?

नंदूने ऐटीत टाइप केलं, "बस झाली मेल्या मस्करी. आयशीचा परकर घालून आलास काय?"

पांढरा म्हणाला, मला समजलं नाही, कृपया उत्तर द्या.

"थांब अन्वऱ्या, तुझी कुऱ्हाड तुझ्याच..." नंदू टाइप करतोय, एवढ्यात दार उघडलं. हातात वडापावची पुडी घेऊन अन्वर आत आला.

नंदूने अन्वरकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मग परत अन्वरकडे. त्याचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. भर समुद्रात होडीला भोक पडलेलं दिसल्यावर माणसाचा होईल तसा.

"अन्वर," तो पुटपुटला, "तू हतं हायस, तर थयं कोण हाय?"

*

एक छोटासा सांगून टाकतो. गेममध्ये कोणी कोणाची तक्रार केली की त्याला 'रिपोर्ट मारणं' म्हणायचे. तक्रार आली की राखणदार हटकून यायचा. त्यामुळे रिपोर्ट ह्या शब्दानेच आमच्या लोकांच्या अंगावर काटा यायचा.

वैदेही पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. गेममध्येही दुसऱ्यांच्या जखमा भरणारी बाई तीच. एकदा ती दारातूनच म्हणाली, "अन्वर, तुझा रिपोर्ट आलाय."

अन्वर ताडकन उठला. गेम बंद, कॉम्प्युटर बंद, वर मॉनिटरवर माझा टॉवेल टाकला! "कोणी मारला? कधी? मी तर आज एक कुर्ली पण मारली नाय!"

"अरे, बोटीवर जायच्या मेडिकलचा! रक्ताचा! सगळं नॉर्मल आहे."

अन्वर छातीवर हात ठेवून खाली बसला. "आता परत काढ," म्हणाला. "आता नॉर्मल नसंल."

*

मग आला सगळ्यांत जाचक नियम. एका इंटरनेट कनेक्शनवर एकाच अकाउंटने फार्मिंग करायचं! दुसरं दिसलं तर दोन्ही बंद.

आता घरोघरी आपापली लाइन असलेल्या देशात हा नियम ठीक. आमच्या अख्ख्या कॅफेला टेलिफोनची एक वायर! कंपनीला वाटलं, एकच लबाड माणूस रत्नागिरीत बसून चार-चार पात्रं नाचवतोय. चौघांनाही लाल अक्षरात शेवटची ताकीद आली. त्या दिवशी कोणी कुर्लीला हात लावला नाही. चौघं नुसते एकमेकांकडे बघत बसले. दोन-दोन वर्षांची मेहनत होती ती. बाहेरच्याला हसू येईल, पण ज्याचं जातं त्याला कळतं.

वैदेहीने कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजी उत्तम तिचं. आम्ही एक माणूस चार मशीनवर नाही, चार माणसं एका वायरीवर आहोत. आमच्या गावात असंच असतं. कृपा करून आमच्या कष्टावर पाणी फिरवू नका. वाचून दाखवलं तेव्हा नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं.

कंपनीचं उत्तर आलं. प्रिय खेळाडू, पुरावा पाठवा.

मग काय, फोटो! अन्वरने आखातातून आणलेला डिजिटल कॅमेरा होता. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. वैदेही केसात अबोलीचा गजरा माळून आली. नंदूने पावडर लावली. आपापल्या कॉम्प्युटरसमोर, स्क्रीनवर आपलं पात्र, असे चौघं ओळीत उभे राहिले आणि मी फोटो काढला. लग्नातसुद्धा माणसं इतकी ताठ उभी राहत नाहीत.

फोटो गेला. उत्तराची वाट बघताना वैदेहीने नखं खाऊन संपवली. ती लॅबमधून जेवायच्या सुट्टीत धावत यायची, इनबॉक्स बघायची आणि धावत परत जायची.

शेवटी उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं.

"प्रिय खेळाडू, फोटोबद्दल आभार. ही चारही अकाउंट एकाच खोलीतून चालतात याची आता आमची खात्री झाली आहे. म्हणून ती आठवडाभरासाठी बंद करण्यात येत आहेत."

सर म्हणाले, "फोटो चांगला आलाय, नाही?"

*

बंदी उठली, एका वेळी एकानेच मारायचं असं ठरलं, पण दहशत राहिली. त्यात बातमी आली की मोठा अपडेट येतोय, आणि फार्मिंगच्या जागांचा कायमचा बंदोबस्त होणार.

आता हे माणसाच्या हातचं राहिलं नाही, असं नंदूने ठरवलं. लांज्याहून येताना नारळ घेऊन आला. माझ्या मुख्य कॉम्प्युटरपुढे ठेवला. अगरबत्ती लावायला लागला तेव्हा मी म्हटलं, "अरे, मॉनिटर तापेल!" पण कोण ऐकतंय?

सगळ्यांना उभं केलं. हात जोडायला लावले. आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सर, वैदेही, मी. अन्वरही मागे उभा राहून होय म्हाराजा म्हणत होता, आणि सर्वांत मोठ्याने!

"ह्या तुज्या लेकरांनी जी काय दलदल राखली हाय, तिच्यावर ज्या कोणाची वाकडी नजर पडली असंल..."

"होय म्हाराजा!"

"ती बारा वाटेन पळव, नि ह्या कुर्ल्यांची वाढ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागे वळून बघतो तर दारात बारावीचा रिझल्ट बघायला आलेली मुलगी आणि तिची आई. दोघी थिजल्यासारख्या उभ्या. आई मुलीला म्हणाली, "चल गो, दुसरीकडे बघू. हतं रिझल्टाचं काय खरं दिसत नाय."

दुसऱ्या दिवशी अपडेट झाला. चौघं एकत्रच दलदलीत शिरले. पाणी होतं, लव्हाळी होती. कुर्ली एक नाही! कंपनीने वंशच उठवला होता. रिकाम्या चिखलात चार पात्रं उभी, आणि इकडे चार माणसं मुकाट.

मी नंदूला म्हटलं, "काय रे, गाऱ्हाणं पोचलं नाही वाटतं?"

नंदू नारळ फोडून खोबरं वाटत होता. म्हणाला, "भाऊ, देवाची काय चूक नाय. त्याची हद्द येशीपर्यंत. सर्व्हर परदेशात हाय."

*

आणि आता हा शेवटचा.

कुर्ल्या संपल्यावर मंडळी डोंगरावरच्या वटवाघळांकडे सरकली. अन्वर तोवर बोटीवर गेला होता. बंदराला लागला, तिथे कॅफे सापडला, की घरी फोन करायचा आणि मग थोडा वेळ गेममध्ये यायचा. अधूनमधून त्याचं नाव यादीत हिरवं व्हायचं. आम्ही म्हणायचो, चला, अन्वर किनाऱ्याला लागला.

पावसाळा सरल्यावर त्याचा फोन आला नाही. आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग टीव्हीवर बातमी आली, तो ज्या समुद्रातून जाणार होता तिथे एका बोटीवर चाचे चढले. बोटीचं नाव सांगितलं नाही. मुंबईचा एजंट फोनवर एकच वाक्य बोलायचा, "माहिती घेतोय."

मी आणि सर राजिवड्याला त्याच्या घरी गेलो. त्याची अम्मी, आम्ही सगळे त्यांना खाला म्हणायचो, फोनजवळ पाट टाकून बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती. शेजारणी डबा आणून ठेवत, तो तसाच परत जाई. मी म्हटलं, "खाला, येईल फोन." त्या म्हणाल्या, "हो. येतलाच." आणि फोनकडेच बघत राहिल्या.

मग एका दुपारी वैदेही जेवायच्या सुट्टीत आली. गेम उघडला आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली. "अन्वर ऑनलाइन आहे."

यादीत नाव हिरवं होतं. नंदू होता, शाळेला सुट्टी म्हणून सरही होते. सगळे धावत, म्हणजे पात्रं धावत, डोंगरावर पोचली. तिथे तो होता. लाल दाढी, कुऱ्हाड. एकामागून एक वटवाघळं मारत होता. मारलं, उचललं, दोन पावलं पुढे. मारलं, उचललं, दोन पावलं पुढे.

वैदेहीने निरोप टाकला. उत्तर नाही. फार्मिंग करताना अन्वर सगळ्या गप्पा आणि बाकीची पात्रंही दिसणं बंद करून ठेवायचा, त्यामुळे समोर कोण आहे, काय बोलतंय ते त्याला कळायचंच नाही. आम्ही त्याच्यापुढे उड्या मारल्या, आडवे गेलो. तो आमच्यातून आरपार गेला. मारलं, उचललं, दोन पावलं पुढे.

सर हळूच म्हणाले, "घरी फोन नाही, आणि आधी गेम? हा अन्वर आहे कशावरून?"

तेव्हा अकाउंट चोरीला जायची. चोर त्यांना मशीन लावायचे, आणि ती मशीन अशीच चालायची. आम्ही त्या कुऱ्हाडीकडे बघत राहिलो. जितकं बघावं तितकी ती मशीनसारखी वाटायला लागली.

एवढ्यात लक्षात आलं, नंदू जागेवर नाही. तो गेला होता माझी स्कूटर घेऊन. परत आला तेव्हा मागे खाला बसलेल्या! मला वाटलं, ह्याला आता धरून मारावं. खालांना काय सांगायचं? पण त्या आत आल्या, हातात तसबीची माळ, आणि थेट स्क्रीनसमोर बसल्या.

"ह्यो माजा अन्वर?"

"हो, खाला," वैदेही म्हणाली. "म्हणजे... हे त्याचं पात्र आहे. मागे तोच बसलाय की दुसरं कोणी, तेवढं कळत नाही."

"मग हाक मार ना त्येला."

"त्याला ऐकू जात नाही, खाला."

खाला त्या लाल दाढीकडे बघत राहिल्या.

वैदेही अचानक म्हणाली, "राखणदाराचा चौकोन कोणालाच बंद करता येत नाही. तो विचारेल ते त्याला दिसेलच. आपण रिपोर्ट मारू या."

"अन्वरला?" नंदू ओरडला. "आपणच?"

"माणूस असेल तर उत्तर देईल. मशीन असेल तर जेलमध्ये जाईल."

जेलमध्ये गेला तर त्याचा अर्थ काय, हे आम्हा चौघांना कळत होतं. सर म्हणाले, "खाला, उत्तर नाही आलं तर... त्यावरून काही सिद्ध होत नाही हं. पण..."

"नाय आलं तर नाय आलं," खाला म्हणाल्या. "पण विचारा त्येला."

वैदेहीने बटण दाबलं.

काही काळ काहीच नाही. मारलं, उचललं, दोन पावलं पुढे.

टण्ण!

पांढरा झगा त्याच्यासमोर उभा राहिला. कुऱ्हाड हवेत थांबली. आता त्याच्यापुढे चौकोन उघडला असणार, घड्याळ पळत असणार. आम्हाला त्यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो नुसता उभा राहिलेला. वटवाघळं त्याला चावायला लागली. त्याचं रक्त कमी कमी व्हायला लागलं. वैदेही रडत रडत त्याच्या जखमा भरत होती, एक भरली की दुसरी. खालांची तसबी थांबली होती. नंदू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "सांगा मला," म्हणत होता, "काय झालं ते सांगा. मी बघत नाय."

राखणदार वाकला. नमस्कार केल्यासारखा. आणि नाहीसा झाला.

लाल दाढी जागेवरच होती.

"दिलं!" वैदेही किंचाळली. "उत्तर दिलं!"

"माणूस आहे," सर म्हणाले. "माणूस आहे, एवढं सिद्ध झालं. कोण, ते नाही."

खालांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

तेवढ्यात तो योद्धा हलला. वटवाघळं सोडली. स्वतःभोवती एक गिरकी घेतली, कोणाला तरी शोधत असल्यासारखी. आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. मोठी, इंग्रजी अक्षरं. पण भाषा अस्सल राजिवड्याची! "कोण रे तो मेला रिपोर्ट मारणारा? हतं फोन लागत नाय, नि त्यात ह्यो ताप! त्याच्या आयला..." आणि त्यापुढे जे होतं ते मला इथे सांगता यायचं नाही.

नंदू मटकन जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. वैदेहीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. दामले सरांनी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला, आणि पुन्हा लावून पुन्हा वाचलं.

खालांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय लिवलान? अरे, कोणीतरी वाचून दाकवा ना! काय लिवलान माज्या पोरान?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खाला," मी म्हटलं, "आयची आठवण काढलान."